पान दोनशे बारा

वडशाच्या रद्दीवाल्याने तिन्ही पुस्तके काट्यावर टाकली
आणि म्हणाला, सव्वाचार किलो.
वर स्वयंपाकाचा एक फाटका अंक फुकट दिला.
निळा जाड पुठ्ठा, कोपरा उंदराने चाखून सोडलेला.
एकात संभाव्यता, दुसऱ्यात पुंजयामिकी,
तिसऱ्यात दोघींचा संसार,
आठशे पाने, चित्र एकही नाही.

मी फळीवरचा मुन्शी.
बी.एस्सी. गडचिरोलीहून, सेकंड क्लास.
मे महिन्यात तेंदूची पुडकी मोजतो,
बाकी वर्षभर जे मिळेल ते.

पुस्तकात माझ्याआधी कोणीतरी राहून गेले होते.
टोकदार पेन्सिल, बारीक अक्षर, डावीकडे कललेले.
जिथे छापले होते, 'हे उघडच आहे',
तिथे समासात विचारले होते: कोणाला?
पान नव्वदवर चहाचे वर्तुळ, आत लिहिलेले:
दोन दिवस गेले. चूक ग्रंथाची, माझी नव्हे.
पान एकशे चाळीसवर: माझीच होती.
मग दोनशे बारा.
एक समाकलन, अर्धे सोडवलेले,
बरोबरचे चिन्ह,
आणि बरोबरच्या पुढे काही नाही.
तिथून पाने एकमेकांना चिकटलेली.

पहाटे जंगलात शिरलेल्या बाया
ऊन चढता चढता फळीवर उतरतात.
जैवंता कोडापे मोजत नाही.
मूठ भरली की वाकाची गाठ,
सत्तर पानांचे पुडके.
तालुक्याचा चेकर कुठलीही पाच उचलून सोडतो:
एकोणसत्तर, सत्तर, बाहत्तर, सत्तर, अडुसष्ट.
अडुसष्ट का?
"अडुसष्टाचं इचारता जी,
बाहत्तराचं कोन इचारंल?"
मी रजिस्टरच्या आड हसतो.
विचलनावरचे चाळीस पानांचे प्रकरण
तिने उन्हात उभ्या उभ्या संपवले.

शेचाळीस अंश.
पुस्तक म्हणते, एकट्या कणाला तापमान नसते,
तापायला गर्दी लागते.
मैदानभर ओळीने पसरलेली पुडकी
तडतडत वाळताना मला हे पटते.
मग पटत नाही.
दुपारी फळीवर मी एकटाच असतो,
डोक्याला ओला पंचा.

सगळ्यात अवघड जागा पुढे आहे:
दोन कण इतके सारखे
की त्यांची अदलाबदल केली
तरी जगात काहीच नवे घडत नाही.
म्हणून आधी मोजा, मग क्रमगुणिताने भागा,
म्हणजे नावे गळून पडतात.
माझ्या रजिस्टरातही पुडके म्हणजे पुडके.
कंत्राटदाराच्या ट्रकमध्ये चढल्यावर
कुठले जैवंताचे, कुठले रैनूबाईचे,
कोणी भागाकार केला, कोणाला कळणार?
पण ट्रक येईपर्यंत मी गाठ बघून सांगू शकतो.
जैवंता डावखुरी आहे.

एकदा पाणी प्यायला टेकली,
पुस्तकाकडे हनुवटी केली.
"का लिवलं हाये जी यात?"
मोजनं, मी म्हणालो. दिसत नाही ते मोजनं.
"मंग शेकड्याला का भाव देतेत?"

हंगाम पंधरा दिवसांत आटोपला.
मैदानावर वाकाचे तुकडे राहिले, अन् शेळ्या.
मी दोनशे बाराशी बसलो.
अकरा रात्री, त्यातल्या चार बिनविजेच्या.
मालिका उलगडली, एकेक पद वेगळे केले,
पुन्हा गोळा केले,
आणि उत्तर आले: पायचा वर्ग भागिले सहा.
वर्तुळ कुठेच नव्हते,
तरी पाय उमटला.

बरोबरच्या पुढे मी काही लिहिले नाही.
ती जागा त्या पेन्सिलीची.
खाली समासात, माझ्या गोल शाळकरी अक्षरात,
एवढेच टाकले: पोचलो.

मग सुरीने चिकटलेली पाने सोडवली.
दोनशे तेरा. पहिलीच ओळ:
यावरून पुढचे उघडच आहे.

पेन्सिलीला टोक काढायला बसलो.